बर्फातली रात्र आधी, शिखर नंतर

डिसेंबर जवळ आला की दवाखान्यात ठणठणीत माणसांची गर्दी वाढते. त्यांना हवं असतं फिटनेस सर्टिफिकेट. नाताळच्या सुट्टीत केदारकंठा, जानेवारीत ब्रह्मताल, नाहीतर कुआरी पास. ट्रेकला नेणाऱ्या संस्थेने फॉर्म दिलेला असतो आणि त्यावर डॉक्टरची सही लागते. रक्तदाब, नाडी, छाती तपासून मी सही करतो. सही करता करता गप्पा होतात आणि त्यातले प्रश्न साधारण ठरलेले असतात. बर्फ नक्की मिळेल ना? शिखरावर पोहोचायला किती तास लागतात? बूट कुठले घेऊ? रोज पाच किलोमीटर पळतोय, पुरे ना? ‘रात्री झोपायचं कशावर?’ हा प्रश्न मात्र आजवर फार थोड्यांनी विचारला आहे.

तो न सुचण्याचं कारण सह्याद्रीत आहे. आपल्याकडचा ट्रेकर घडतो तो राजगडावर, हरिश्चंद्रगडावर, कळसूबाईला. तिथे कस लागतो पायांचा आणि दमाचा. मुक्काम एखाद्या गुहेत किंवा देवळात, पाठीखाली पातळ मॅट, अंगावर चादर, आणि गप्पा रंगल्या की रात्र कधी सरली ते कळतही नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, तेही १६४६ मीटर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, इतकीच आपली बर्फाशी ओळख. त्यामुळे हिवाळ्यात हिमालयात जातानाही आपण तयारी करतो ती चढाईची. चढाई दिवसाचे पाच-सहा तास चालते. तंबूत मात्र संध्याकाळी अंधार पडल्यापासून सकाळी ऊन येईपर्यंत तेरा-चौदा तास काढायचे असतात. हिवाळी ट्रेकचा बेत या तेरा-चौदा तासांभोवती आखला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक पॅकेजं नेमकी शिखराभोवती आखलेली असतात.

केदारकंठ्याचंच उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातून पहिल्यांदा बर्फात जाणारे बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं हे सुमारे ३८०० मीटर उंचीचं शिखर. देहरादूनहून सकाळी निघालेली जीप पुरोला, मोरी करत सुमारे २०० किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता कापून संध्याकाळी सांकरीला पोहोचते. सांकरीची उंची साधारण १९५० मीटर. दुसऱ्या दिवशी चालत ‘जुडा का तालाब’, साधारण २७७० मीटर. तिसऱ्या दिवशी शिखराखालचा तळ, साधारण ३४३० मीटर. चौथ्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास उठून शिखराकडे. म्हणजे पुण्यात ५६० मीटरवर राहणारा माणूस घर सोडल्यापासून चार-पाच दिवसांत, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असलेल्या जागी उभा असतो.

पर्वतीय वैद्यकाचा एक साधा नियम आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर थांबावं. या नियमात दिवसा किती चढलात याला महत्त्व नाही, झोपलात कुठे याला आहे. कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू जागेपणीपेक्षा आणखी खाली जातो. उंचीच्या आजाराची लक्षणंही नव्या उंचीवर पोहोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांनी दिसू लागतात. दुपारी तळावर पोहोचून फोटो काढणारा माणूस रात्री अकराला डोकं धरून बसतो ते यामुळे. जुडा का तालाबवरून एका दिवसात तळावर जाताना झोपण्याची उंची साडेसहाशे मीटरने वाढते. हा काही भयंकर गुन्हा नाही. बहुतेकांचं थोड्या डोकेदुखीवर निभावतं. पण मधे एक जादा रात्र जुडा का तालाबला घातली तर शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो, आणि खर्च वाढतो तो एका दिवसाचा. कार्यालयीन सुट्टीच्या हिशेबात नेमका तोच दिवस कापला जातो. ट्रेकला नेणाऱ्यांना मी एकट्याने दोष देणार नाही. सहा दिवसांच्या ऐवजी पाच दिवसांत शिखर दाखवणाऱ्याकडे आपणच जास्त संख्येने जातो.

‘मी तर मॅरेथॉन पळतो’ याचा इथे फारसा उपयोग नाही. उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा आजार अमेरिकी डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तोही एका धडधाकट तरुणाच्या उदाहरणावरून. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी हिमालयातल्या जवानांवर जे काम केलं, ते आजही जगभर उद्धृत केलं जातं. तो अभ्यास १९६९ चा, आणि त्यातले रुग्ण सगळे कमावलेल्या अंगाचे सैनिक होते. कुणाला उंची सोसेल आणि कुणाला नाही, हे सपाटीवर तपासून सांगता येत नाही. त्यामुळे मी ज्या फॉर्मवर सही करतो, त्या सहीचा अर्थ मर्यादित आहे.

लक्षात ठेवायचं ते इतकंच. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर तो उंचीचा आजार आहे असंच धरून चाला आणि वर जाऊ नका. विश्रांतीने बरं वाटलं तर पुढचं बघता येईल, वाढलं तर खाली उतरायचं. सरळ रेषेत टाच-अंगठा जोडून चालता येत नसेल, वागण्याबोलण्यात गोंधळ असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर उजाडायची वाट बघू नका. लगेच खाली उतरवा. कोविडपासून प्रत्येकाच्या सॅकमध्ये ऑक्सिमीटर असतो. गारठलेल्या बोटावर तो भलतेच कमी आकडे दाखवतो. आधी हात गरम करा, मग आकडा बघा, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे जास्त बघा. प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी चालते, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. मित्राच्या पाकिटातून तर कुणीच घेऊ नये. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात, तेव्हा ती सांकरीच्याही खालीच राहू द्या.

आता थंडीकडे येऊ. जानेवारीत तळावर रात्री पारा उणे पाच ते उणे दहापर्यंत सहज उतरतो. वारा असेल तर उघड्या कातडीला तो आणखी बोचतो. उणे पाच तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा उणे तेरासारखा लागतो. पण तंबूत वारा नसतो. तंबूत माणसाची ऊब चोरणारी सर्वांत मोठी गोष्ट पाठीखाली असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. तिचं काम गोधडीसारखंच आहे. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते आणि ती हवा अंगाची ऊब धरून ठेवते. स्लीपिंग बॅगमध्ये पिसं किंवा कृत्रिम तंतू हीच हवा धरतात. पण आपण बॅगेत आडवे झालो की पाठीखालची पिसं वजनाने चेपतात, त्यातली हवा निघून जाते आणि बॅगेचा खालचा भाग जवळजवळ निरुपयोगी होतो. मग खालून संरक्षण करायला उरते ती फक्त मॅट. मॅटची ऊबरोधक क्षमता ‘आर’ या आकड्याने मोजतात. साध्या फोमच्या मॅटचा हा आकडा दोनच्या आसपास असतो. बर्फावर झोपायला चार-पाच तरी हवा. हे आकडे एकमेकांत मिळवता येतात, म्हणजे दोन फोमच्या मॅट एकावर एक टाकल्या की काम बरंचसं भागतं. हजारो रुपयांचं डाउन जॅकेट घेणारा माणूस दुसरी फोमची मॅट घ्यायला नको म्हणतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. नाव नोंदवताना विचारा: माणशी किती मॅट देणार? ‘एक’ असं उत्तर आलं तर दुसरी स्वतःची न्या. सॅकच्या बाहेर बांधता येते, वजन अर्धा किलोही नसतं.

बॅगेबद्दलही एक गफलत नेहमी होते. चांगल्या बॅगेवर तापमानाचे दोन-तीन आकडे छापलेले असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार शेवटचा आकडा दाखवतो, कारण तो ऐकायला भारी असतो. एक्स्ट्रीमचा अर्थ ‘रात्रभर कुडकुडाल पण बहुधा जगाल’ असा आहे. आपण बघायचा तो कम्फर्टचा आकडा. भाड्याच्या बॅगेची पिसं वर्षानुवर्षं दबून गेलेली असतात, त्यामुळे तिच्यावरच्या आकड्यातून आणखी काही अंश मनातल्या मनात वजा करा. आणि तोंड बॅगेच्या आत घालून झोपू नका. श्वासातली वाफ पिसांत गोठते, पिसं ओली होतात, आणि ओल्या पिसांत हवा टिकत नाही. कानटोपी घाला, नाकावर मफलर घ्या, नाकपुड्या मोकळ्या ठेवा.

कोरडं राहणं हाच या सगळ्याचा गाभा आहे. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सह्याद्रीत घामाने भिजलेला सुती टीशर्ट वाऱ्यावर वाळतो आणि गार वाटतं म्हणून बरंही वाटतं. तोच टीशर्ट बर्फात अंगावर वाळत नाही, उलट ऊब शोषत राहतो. म्हणून सुती कपडे, जीन्स, सुती मोजे घरी ठेवा. आत घाम ओढून घेणारा थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. महत्त्वाचं म्हणजे चालायला लागण्याआधी एक थर काढून ठेवा. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. चढावर अंग आपोआप तापतं. जाडजूड जॅकेट घालून चढणारा माणूस तळावर पोहोचतो तेव्हा आतून चिंब असतो, आणि ऊन गेल्यावर तो घामच त्याला गारठवतो. झोपण्यासाठी मोजे आणि आतले कपडे यांचा एक जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काहीही झालं तरी तो दिवसा घालू नका. बूट तंबूच्या आत घ्या. नाहीतर सकाळी ते लाकडासारखे कडक झालेले असतात आणि पाय आत घालतानाच दिवस वाया जातो.

झोपण्यापूर्वी पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला मोजा चढवून बॅगेत मांड्यांमध्ये ठेवायची जुनी युक्ती आहे. यात चमत्कार काही नाही, साधं गणित आहे. एक लिटर पाणी ८० अंशांवरून ३५ अंशांवर येताना ४५ किलोकॅलरी सोडतं. स्वस्थ पडलेलं शरीर पाऊण तासात साधारण तेवढी उष्णता तयार करतं. म्हणजे बाटली रात्रभर पुरत नाही, पण डोळा लागेपर्यंत नक्की पुरते, आणि सकाळी न गोठलेलं प्यायचं पाणी हाताशी असतं. पुढची ऊब पोटातून येते. रात्रीचं जेवण भूक नसली तरी करायचं, त्यात तूप सढळ हाताने घ्यायचं, आणि उशाशी गूळ-शेंगदाण्याची चिक्की ठेवायची. मध्यरात्री कुडकुडत जाग आली तर दोन तुकडे खा आणि बॅगेतच पोटाचे स्नायू आवळून-सोडून थोडा व्यायाम करा. परदेशी एनर्जी बारवर माझा राग नाही, पण उणे आठ अंशांत त्यातले काही इतके कडक होतात की दाताची काळजी वाटते.

पाण्याचा विषय मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण त्यात एक अशी अडचण आहे जिच्याबद्दल लोक बोलत नाहीत. थंडीत तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पाणी जात असतं. शिवाय थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ढकललं जातं, आणि मूत्रपिंडाला वाटतं पाणी जास्त झालंय. म्हणून लघवी वाढते. उंचीवरही ती वाढतेच. आता रात्री दोन वाजता, उणे आठमध्ये, बॅगेची चेन उघडून, बूट चढवून, टॉर्च शोधून टॉयलेट टेंटपर्यंत जायचं या कल्पनेनेच लोक दुपारपासून पाणी कमी करतात. बायका तर हमखास करतात. अंधारात एकटीने बाहेर पडण्याची धास्ती वेगळीच. मग पाणी कमी पडल्याने डोकं दुखतं आणि ती डोकेदुखी उंचीची की तहानेची हे कुणालाच कळत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग होतो तो आणखी वेगळा. उपाय साधा आहे. पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाटून भरपूर प्या, झोपण्याच्या तासभर आधी थांबा. रुंद तोंडाची, स्पष्ट खूण केलेली वेगळी बाटली तंबूत ठेवा. बायकांसाठी सिलिकॉनचं नरसाळं ऑनलाइन मिळतं, घरी न्हाणीघरात दोन-तीनदा सराव करून न्या. मुलींचे गट असतील तर दोघींनी एकमेकींना उठवायचं असं आधीच ठरवून टाका. हे बोलायला लाज वाटते म्हणून गटाच्या माहितीपत्रकात ते नसतं. असायला हवं.

तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका. उणे दहा अंशांचा पाव किलो बर्फ पोटात वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला तीसेक किलोकॅलरी लागतात, आणि तो खर्च अंगातल्या उबेतून होतो. स्टोव्हवर बर्फ वितळवतानाही बर्फाला वितळण्यासाठीच इतकी उष्णता लागते की, तेवढंच पाणी उकळायला लागणाऱ्या इंधनाच्या जवळजवळ दुप्पट इंधन खर्च होतं. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर इंधनाचा हिशेब त्या मानाने धरा. पातेल्यात तळाला आधी थोडं पाणी घाला आणि मग बर्फ टाका. कोरडा बर्फ टाकला तर पातेलं करपतं आणि पाण्यालाही तो वास लागतो. तळाच्या उंचीवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ-तांदळाला कुकर हवाच.

आणि स्टोव्ह, शेगडी, गॅसचा हीटर, निखारे यांपैकी काहीही झोपायच्या तंबूत आणायचं नाही. याला अपवाद नाही. अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गुंगी येते. उंचीवर हे सगळ्यांनाच थोडंफार होत असल्याने संशयही येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यात लहान मुलं होती, सकाळी बेशुद्धावस्थेत सापडले आणि वाचले नाहीत. खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता. ती खोली होती. बर्फाने झरोके बुजलेला तंबू तर त्याहून छोटा. रात्री बर्फ पडत असेल तर मधूनमधून उठून तंबूवरचा आणि झरोक्यावरचा बर्फ झटकावा लागतो, ही पाळी आधीच ठरवून ठेवा.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. त्याची पहिली खूण हुडहुडी ही सगळ्यांना माहीत असते. दुसरी खूण जास्त महत्त्वाची: हसतखेळत असलेला माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो, शब्द बोबडे येतात, चेन लावता येत नाही, सपाटीवर अडखळतो. त्याला विचारलं तर तो ‘मी ठीक आहे’ असंच म्हणणार. हुडहुडी थांबली आणि कपडे मात्र बदललेले नाहीत, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे. अशा माणसाला आडोशाला घ्या, ओले कपडे काढा, खाली दोन मॅट, वर दोन बॅगा, आणि पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी. हातपाय चोळू नका. बोटं बधिर पांढरी पडली असतील तर त्यावर बर्फ तर मुळीच चोळू नका. हा सल्ला नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे याने १८१२ मध्ये मॉस्कोहून माघारीच्या वेळी दिला आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं तो डॉक्टरांनीही पाळला. अजून कुणा ना कुणाच्या काकांना तो आठवतोच. हिमदंशाला ३७ ते ३९ अंशांचं कोमट पाणी लागतं, तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच.

जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्याच सहस्रतालच्या ट्रेकवर गेलेला बावीस जणांचा गट तळाकडे परतताना वादळी वाऱ्यात आणि बर्फात सापडला. नऊ जण गेले. महिना जूनचा होता. हवामान बिघडतं तेव्हा मोजदाद होते ती आडोशाची आणि वेळेची. म्हणून ‘किती वाजता मागे फिरायचं’ हे शिखराच्या दिवशी निघण्यापूर्वी ठरलेलं असावं आणि त्या वेळेला शंभर मीटर उरले असले तरी फिरावं. गटातल्या सर्वांत हळू माणसाचा वेग हाच गटाचा वेग. हिमस्खलनाचा विषय एका लेखात मावणार नाही. नवख्यांनी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उघड्या उतारांखाली तंबू न लावणं आणि मोठ्या हिमवर्षावानंतर एक-दोन दिवस थांबणं एवढं तरी पाळावं.

कुणी जाऊ नये? हृदयविकाराचा त्रास अलीकडे झालेला असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, दमा वरचेवर उसळत असेल, गरोदरपण असेल, तर हिवाळी तळ ही पहिल्यांदा प्रयोग करायची जागा नव्हे. मधुमेहींनी जाता येतं, पण इन्सुलिन गोठलं की फेकून द्यावं लागतं. ते दिवसा खिशात, रात्री बॅगेत, अंगाशी. ग्लुकोमीटरही थंडीत रुसतो. मोबाइल आणि टॉर्चच्या बॅटऱ्यांचं तेच. गॉगल सगळ्यांना सक्तीचा: ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, आणि एका दिवसाच्या निष्काळजीपणाने रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग जायचं कशाला? जायचं, कारण रात्र नीट सांभाळली की मजाही रात्रीचीच असते. ताज्या बर्फात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्या आवाज गिळतात, त्यामुळे देवदारांच्या रानात हिमवर्षाव थांबल्यानंतर जी शांतता पसरते, ती शहरात राहणाऱ्या माणसाने बहुधा कधी ऐकलेलीच नसते. जानेवारीत जेवणं उरकेपर्यंत मृग नक्षत्र डोक्याकडे सरकलेलं असतं, त्याच्या मागे व्याध. पुण्या-मुंबईच्या आकाशात ज्या ताऱ्यांची मोजकीच हजेरी लागते, तिथे त्यांची दाटी असते. पण पाठ गारठलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याचं सगळं लक्ष सकाळ कधी होते याकडे.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला शिखर बेतातून काढून टाका. सांकरीला एक रात्र, जुडा का तालाबला दोन किंवा तीन. अर्धवट गोठलेल्या तळ्याकाठी दिवसभर बर्फात चालायला शिका, मायक्रोस्पाइक चढवून उतार उतरा, तंबूभोवती वारा अडवणारी बर्फाची भिंत रचा, सकाळी ताज्या बर्फावर उमटलेले कोल्ह्याचे, पाखरांचे माग काढा. अंगात त्राण आणि डोक्यात उत्साह शिल्लक असेल तर तळापर्यंत जाऊन दुपारी परत या, झोपायला खालीच. स्वर्गारोहिणी बघायला शिखराच्या टोकावर चढावंच लागतं असं नाही. नाताळचा आठवडा टाळून फेब्रुवारी गाठलात तर गर्दी ओसरलेली असते आणि बर्फही बहुधा जास्त. डिसेंबरात कधी कधी तो पडलेलाच नसतो आणि मग लोक संस्थेशी भांडत बसतात.

गर्दीचा आणखी एक हिशेब असतो, तो उन्हाळ्यात कळतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली ती तिथला कचरा आणि तुडवातुडव बघून. हिवाळ्यात हे सगळं बर्फाखाली झाकलं जातं म्हणून सोयीचं वाटतं. पण गोठलेल्या मातीत विष्ठा कुजत नाही. बर्फ वितळला की ती उताराने खालच्या झऱ्यांकडे निघते. तंबूच्या मागेच बर्फात खड्डा करून मोकळं होणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर आणावं. संस्थेचा टॉयलेट टेंट मातीपर्यंत खणून, पाण्यापासून लांब उभारला आहे ना, हे विचारा. टिश्यू पेपर, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स झिपच्या दुहेरी पिशवीत घालून सांकरीपर्यंत परत आणायचे. थंडीत त्यांना वासही येत नाही.